"पॅलेस आज बंद आहे!" : परदेशातले टॅक्सीवाले, रिक्षावाले आणि आपण

भटकभवानी:
काल माळ्यावरची बॅग काढली तर कप्प्यात एक डबी सापडली. उघडली आणि बँकॉकचा टुकटुकवाला, म्हणजे तिथला रिक्षावाला, डोळ्यांसमोर उभा राहिला.

२०११. ग्रँड पॅलेसच्या भिंतीलगत नकाशा उलटासुलटा करत चाललो होतो. कडक इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ म्हणाला, "आज बौद्धांचा सण, पॅलेस बंद." लगेच टुकटुक हजर. २० बाथमध्ये तीन देवळं! आमचे हे हरखलेच. आधी ३२ मीटर उंच उभा बुद्ध दाखवला, तो खरंच देखणा. हात जोडून बाहेर आलो तर गाडी थेट खड्यांच्या दुकानात. "दहा मिनिटं नुसतं बसा, मला पेट्रोलचं कूपन मिळतं, घरी लहान मुलं आहेत." मुलं म्हटल्यावर मी विरघळले. आत एसी, गार पाणी, गोडबोली बाई आणि 'सरकारी सवलतीचा शेवटचा दिवस'. नीलम घेतला. कितीला ते विचारू नका, सासूबाई इथे वाचतात.

घरी सराफाने भिंग लावलं. "वहिनी, खडा खरा आहे हो. पण दिलेत त्याच्या दहाव्या हिश्श्याचाही नाही."

आणि पॅलेस? तो रोज साडेआठला उघडतो. दुसऱ्या दिवशी गेलो तर दारात कर्ण्यावरून सांगतायत, बाहेरच्या कोणावर विश्वास ठेवू नका!

लिहा आता तुमचंही.

पोहेवाला:
व्हिएतनामचं हनोई. पाच लाख डाँगची (तिथलं चलन) नोट निळी, वीस हजाराचीही निळी, दोन्हींवर त्यांच्या नेत्याचं, हो चि मिन्हचं चित्र. रात्री टॅक्सीवाल्याला पाच लाखाची दिली, त्याने वीस हजाराची वर धरली, एवढीच दिलीत म्हणे. मी शून्यं मोजेपर्यंत गाडी पसार. (पाच लाख ऐकून घाबरू नका, आपले दीड हजाराच्या वर थोडे.)

निवांत_काकू:
आमचं काठमांडू. टॅक्सीचे ठरले पाचशे. थामेलला उतरल्यावर म्हणे पाचशे आयसी. म्हणजे आपले रुपये हो! तिथले आठशे झाले. १०० ला १६० हा हिशेब पाठ होता तरी फसले. आता चढायच्या आधीच विचारते, आयसी की एनसी (नेपाळी रुपये). पशुपतिनाथाचं दर्शन मात्र छान झालं. गॅसवर दूध आहे, येते.

माळरान:
भवानीताई, सूट शिवणारे नाही भेटले? आम्हाला तेच. चोवीस तासांत सूट तयार. भाच्याच्या लग्नात अक्षता उचलायला वाकलो आणि... असो.

भटकभवानी:
हसून हसून पुरेवाट!! कुठून उसवला??

माळरान:
असो म्हटलं ना.

चिंचगूळ:
आमचं उलटं, आम्हीच टॅक्सीवाल्याला छळलं. इस्तंबूल विमानतळावरून निघालो, बराच वेळाने गाडी भल्यामोठ्या पुलावर. नवरा ओरडला, अगं हा बॉस्फरस, युरोप-आशियामधली सामुद्रधुनी, टॅक्सीवाला आपल्याला आशियात नेतोय, मीटर फिरवतोय! मग मी मराठीतून, नवरा हिंदीतून, जमेल तेवढं भांडलो. बिचाऱ्याने मोबाईलवर आमचाच पत्ता दाखवला. कादिकॉय. आशियातच आहे ते. बुकिंग कोणी केलं होतं सांगायला नको. उतरताना ओशाळून बेसनाच्या लाडवांचा डबा पुढे केला, एक त्याने तिथेच तोंडात टाकला. दुसराही घेतला.

सहज_सुचलं:
विषयांतराबद्दल सॉरी. पुढच्या महिन्यात बँकॉक, आई पक्की शाकाहारी. जेवणाचं काय?

पोहेवाला:
पाहुरातला जा, भारतीय वस्ती आहे, गुरुद्वारापण. आणि दशम्या न्या.

निवांत_काकू:
दूध उतू गेलं इथे वाचता वाचता. दशम्या दुधातच भिजवा हं, पाण्यातल्या टिकत नाहीत.

चिंचगूळ:
ए पण नीलमाचं पुढे काय? तो आधी तीन रात्री उशाखाली ठेवून बघतात ना, लाभतो का ते?

भटकभवानी:
ठेवला होता. तिसऱ्या दिवशी फ्रिज गेला. म्हणून तर डबी माळ्यावर.