वांगावर अ‍ॅक्युपंक्चर कोणी घेतलंय का? मदत हवी आहे

नमस्कार. वय ३८, राहणार नाशिक. दुसऱ्या बाळंतपणापासून दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आलेत. गालांवरचे एक वेळ पावडरखाली झाकले जातात, पण ओठावरचा पट्टा मिशीच्या सावलीसारखा दिसतो, तो कशानेच लपत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणीतरी विचारतंच, "अगं, चेहऱ्याला काय झालं?" हेतू वाईट नसतो कुणाचा, पण मला फार लागतं ते.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन झालंय. थायरॉइड नॉर्मल आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टेरॉइड एकत्र असलेली क्रीम रात्री लावायला दिली होती, सांगितलेल्या मुदतीत बंदही केली. डाग छान फिकट झाले. एप्रिल उजाडला आणि पुन्हा जैसे थे. नंतर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांचा विषय निघाला, पण माझ्या आईच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती हे ऐकून डॉक्टरांनीच नको म्हटलं.

आता भिशीतल्या मैत्रिणीने अ‍ॅक्युपंक्चर सुचवलंय. तिची मानदुखी त्याने बरीच कमी झाली. मी भेटून आले. यकृताची ऊर्जा अडकलीय म्हणाले. डागाच्या कडेकडेने बारीक सुया आणि शिवाय हातापायांच्या बिंदूंवर. बोलणं शांत, समजावून सांगणारं. फक्त सगळ्या सिटिंग्जचे पैसे आधी भरायचे आहेत.

या पद्धतीबद्दल मला आदर आहे. माझं माहेर सोलापूर, डॉ. कोटणीसांचं गाव. १९३८ साली त्यांच्याबरोबर चीनला गेलेल्या पथकातले डॉ. बसू पुढे तिथूनच हे शास्त्र शिकून आले. पण दुखणं कमी होणं वेगळं आणि रंग उतरणं वेगळं, इथे माझं मन अडतं.

तर सुया घेतल्यावर वांग गेले आणि पुढच्या उन्हाळ्यातही आले नाहीत, असं कोणाचं झालंय का? माझ्या साध्या पुटकुळीचाही डाग महिनोन्महिने राहतो, मग गालावर टोचल्याने नवे डाग पडतील का?

प्रतिसाद

ताई, मी त्वचारोग विभागात काम करते. वांगावर अ‍ॅक्युपंक्चरचे अभ्यास आहेत, पण बहुतेक चीनमधले आणि लहान. कित्येकांत सोबत औषधंही चालू असतात, त्यामुळे सुयांचा वाटा किती ते कळत नाही. हमखास उपाय म्हणून पैसे आधी भरू नका.

तुमची भीती रास्त आहे. आपल्या वर्णाच्या त्वचेला इजा झाली की तिथे काळेपणा येऊ शकतो. घ्यायचंच असेल तर चेहरा सोडून हातापायांवरच घ्या, सुया तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढायला सांगा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा आणि कौन्सिल आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी सांगा, काही बिंदू गरोदरपणात टाळतात.

एप्रिलबद्दल: वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात. साधं पांढरं सनस्क्रीन तिथे कमी पडतं. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं घ्या आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. स्कार्फ बांधलात तरी लावाच.

एक राहिलं. गर्भनिरोधक गोळ्या घेता का? त्यातल्या इस्ट्रोजेननेही वांग वाढतात, आणि आईला गुठळी झालेली असताना त्या गोळ्यांचा तसाही फेरविचार व्हायला हवा.

धागाकर्ती

हो, घेते! त्वचेच्या डॉक्टरांकडे हा विषयच निघाला नव्हता. उद्याच स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेते, तोवर पॅकेज थांबवलंय. मनापासून आभार. बाकीच्यांनीही लिहा, विशेषतः सुया घेऊन ज्यांनी एक तरी उन्हाळा काढलाय त्यांनी.