नुसतं जेवू घातलं तरी?

वर विचारलंय की फरार मेव्हण्याला दोन दिवस घरी ठेवलं, जेवू घातलं तर आपल्यावर केस होते का, आणि कोणीतरी लिहिलंय की रक्ताच्या नात्याला कायदा सूट देतो. नाही हो, सूट फक्त नवरा-बायकोला आहे. आई, भाऊ, मेव्हणा कोणीच त्यात नाही, हे मलाही आधी विचित्र वाटलं होतं, आईने पोराला दारात उभं ठेवायचं का मग?

गुन्हेगाराला आसरा देण्याबद्दल पूर्वी आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं, कलम २१२ आणि २१६ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेचं २४९ आणि २५३. आसरा म्हणजे नुसतं घरात ठेवणं नाही, जेवण, पैसे, कपडे, पळायला गाडी, सगळं येतं. शिक्षा त्याच्या मूळ गुन्ह्यावर ठरते, पोलिसांनी अटकेचा हुकूम काढलाय हे माहीत असून लपवलं आणि त्याचा गुन्हा फाशीचा असेल तर आपल्याला ७ वर्षांपर्यंत.

पण खरी गोम माहीत असण्यात आणि हेतूत आहे. आमच्या कोपरखैरण्यात एका काकांकडे गावचा भाचा आठवडाभर राहिला, काकांना वाटलं नोकरी शोधायला आलाय, एक दिवस पोलीसच दारात. काकांची दोन दिवस चौकशी झाली, घाम फुटला बिचाऱ्यांना, पण माहीतच नव्हतं म्हटल्यावर सोडलं. तुमच्या केसमध्ये मेव्हण्याने फोनवर सगळं सांगितलंय म्हणताय, मग ते कारण चालणार नाही, आजच वकील गाठा.