मदत हवी आहे: चहाने ९० टक्के कॅन्सर, ही बातमी खरी का? लवकर सांगा

सातरस्ता९: अर्जंट आहे. चहाने कॅन्सरचा धोका ९० टक्के वाढतो असं पेपरात आलंय. बाबांनी कात्रण काढलंय आणि कालपासून हट्ट धरलाय, उद्यापासून बंद म्हणजे बंद. संशोधन आहे म्हणतात, मग खोटं कसं असेल? एका ओळीत सांगा. लेक्चर नको.

शेंगाचटणी: लिंक? कुठला कॅन्सर? माणसांवर केलंय की उंदरांवर? बाबा दिवसाला किती कप घेतात?

गूळप्रेमी: साखर बंद करून गुळाचा चहा घ्या. आमच्याकडे तीन वर्षं झाली, ॲसिडिटी गायब.

शेंगाचटणी: ॲसिडिटीचं कोण विचारलंय इथं?

सातरस्ता९: लिंक नाही, कात्रण आहे. 'इराणमध्ये ५० हजार लोकांचा अभ्यास, गरम चहा घातक' एवढंच. पेपरचं नाव कात्रीत गेलं. खरं की खोटं?

निवृत्त_गणितवाला: इराण म्हणजे गोलेस्तान प्रांताचा अभ्यास, २०१९ साली छापून आलेला. अभ्यास खरा आहे, मथळा अर्धा आहे. ५०,०४५ माणसं, साधारण दहा वर्षं पाठपुरावा, त्यात अन्ननलिकेच्या कॅन्सरचे ३१७ रुग्ण. म्हणजे हजारी सहाच्या आसपास. ९० टक्के वाढ म्हणजे शंभरातल्या नव्वदांना कॅन्सर नव्हे. समजा हजारी ५ होते, ते साडेनऊ झाले. आणि ती वाढ कुणात? दिवसाला ७०० मिलीपेक्षा जास्त चहा, तोही ६० अंश किंवा त्याहून गरम, अशा लोकांत. आपला गाडीवरचा कप ७०-८० मिलीचा धरा. नऊ-दहा कप झाले.

पार्कचौककर: काका, लोक चहा किती गरम पितात हे कुणाला आठवतं? अंदाजपंचे सांगितलं असणार.

निवृत्त_गणितवाला: तिथेच तर गंमत आहे. दोन कप ओतायचे, एकात थर्मामीटर. ७५ अंशाला दुसऱ्या कपातला घोट द्यायचा आणि विचारायचं, रोज एवढाच गरम पिता का? नाही म्हटलं तर पाच अंश उतरेपर्यंत थांबायचं. पेपरात हे येत नाही, कारण मथळ्यात बसत नाही.

सगळं_मॅनेज: सगळी संशोधनं विकत मिळतात. चॉकलेटने वजन कमी होतं हेपण छापलं होतं की.

निवृत्त_गणितवाला: ते २०१५ साली एका पत्रकाराने मुद्दाम केलं होतं. १५ माणसं आणि मोजल्या १८ गोष्टी. एवढ्या मोजल्यावर एखादी योगायोगाने जुळतेच. पेपरवाले फसतात हे दाखवायचं होतं, आणि ते फसले. त्यावरून सगळीच विकत म्हणणं म्हणजे एक आंबा नासका निघाला म्हणून झाड तोडणं.

सगळं_मॅनेज: झाड आमचं नाही.

शेंगाचटणी: जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनेही २०१६ मध्ये ६५ अंशांवरची पेयं 'बहुधा कर्करोगकारक' ठरवली. पण ती वर्गवारी पुरावा किती पक्का हे सांगते, धोका किती मोठा हे नाही. आणि दोष गरमपणाचा, चहाचा नाही.

पार्कचौककर: इथं लोक तंबाखू मळत मळत चहाची बातमी वाचूलालेत बे. पहिलं ते सोडा म्हणावं.

गूळप्रेमी: गुळाचा चहा कोमटच चांगला लागतो.

शेंगाचटणी: सातरस्ता९, बाबांचे कप किती ते अजून सांगितलं नाही.

सातरस्ता९: बाबा दोनच कप घेतात. प्यायचं बंद नाही, गाडी बंद करतो म्हणतात! आमची चहाची गाडी आहे, १९९४ पासून. 'लोकांना विष पाजून पोट भरायचं का' म्हणून रात्री जेवले नाहीत.

शेंगाचटणी: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!

निवृत्त_गणितवाला: मिठाईवाल्याकडून पाकाचा थर्मामीटर आणा आणि बाबांसमोर मोजा. गिऱ्हाईक घोट घेतं तेव्हाचा आकडा बघा, किटलीतला नाही.

सातरस्ता९: आणला. ग्लासात ओतल्या ओतल्या ७८. बहुतेकांनी पहिला घोट घेतला तेव्हा ६० च्या खाली. एक रिक्षावाले आहेत, ते फुंकर न मारता ६८ ला पितात. बाबांनी त्यांना बशी दिली. गाडी चालू आहे. पण आता प्रत्येकाला 'जरा थांबून प्या' सांगतात, ग्लास अडकून पडतात आणि सकाळी सात वाजता रांग लागते. अजून दोन डझन ग्लास आणावे लागले.

पार्कचौककर: गाडी नक्की कुठे ते सांगा की.