अनुभव धागा : शाळेतले जादा वर्ग आणि मागे पडलेली आपली मुलं

धागाकर्ती

दहावीच्या निकालात कोकण बोर्ड राज्यात पहिलं येणार हे आता आपण गृहीतच धरतो. 2024 ला 99.01 टक्के, 2025 ला 98.82. अभिमान मलाही आहे. पण मी रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिकला बरीच वर्षं शिकवलंय, त्यामुळे पाचवीत बसून जोडाक्षराला अडखळणारी, हातच्याची वजाबाकी आली की पेन्सिल खाली ठेवणारी मुलं आपल्याकडेही आहेत हे मला माहितीये. आणि ती बहुतेक ठरावीक घरांतलीच असतात. वीटभट्टीवर जाणारी, खलाशाची, धनगरवाड्यावरची, आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्यांची.

त्यांच्यासाठी सरकारी पैशातून काही ना काही चालू असतं, कधी जादा तास, कधी उपचारात्मक वर्ग, कधी सेतू (मागच्या इयत्तेतलं राहिलेलं भरून काढणारा), कधी निपुण (वाचन-गणिताचा पाया पक्का करणारा कार्यक्रम). शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये तर शिक्षकाने प्रत्येक मूल कुठवर आलंय ते बघायचं आणि लागेल तिथे जादा शिकवायचं असं कर्तव्यच सांगितलंय. कलम 28 म्हणतं शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही. म्हणजे मागे राहिलेल्याला वर आणणं हे शाळेचंच काम, फुकट आणि हक्काचं.

प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. शिकवलं असेल, तुमचं मूल बसलं असेल, तुम्ही स्वतः त्या वर्गात बसला असाल तर नक्की लिहा. शाळांची नावं नकोत, मुलांची तर नकोतच.

सुरंगी, गुहागर

मी सुरू करते. माझं माहेर लालबागचं, बाबा गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर घरात पैशाची ओढ. बारावीनंतर मी महापालिकेच्या शाळेत बालसखी म्हणून लागले, 2001 च्या पुढचा काळ. कार्यक्रम ‘प्रथम’ नावाच्या, शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचा, शाळा आणि मुलं पालिकेची. तिसरी-चौथीतली ज्यांना पहिली-दुसरीचंही नीट येत नाही अशी पंधरा-वीस मुलं रोज दोन तास माझ्याकडे, आणि महत्त्वाचं म्हणजे शाळेच्याच वेळात. शाळा सुटल्यावर नाही. खोली मिळाली तर खोलीत नाहीतर व्हरांड्यात. मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे, ट्रेनिंग साधारण दोन आठवड्यांचं. मी काही डीएड नव्हते.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती त्यांनी, चौथीच्या मुलाला चौथीचं पुस्तक उघडायचंच नाही. आधी बघायचं की त्याला अक्षर येतं का, शब्द येतो का, चार ओळी वाचता येतात का, आणि जिथे अडतो तिथून सुरू. वर्गात जो मागच्या बाकावर दिवसभर गप्प बसायचा तोच माझ्याकडे आला की बोलायचा कारण इथे सगळेच त्याच्याएवढे होते. मी राहायची त्यांच्याच शेजारच्या चाळीत, आया ओळखीच्या, दोन दिवस मूल आलं नाही की संध्याकाळी दारात उभी. हे कायमच्या शिक्षकाला साठ मुलं सांभाळून जमणं कठीण होतं, त्यांना दोष नाही.

पुढे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत हेच मोजून पाहिलं आणि सगळ्यात जास्त फायदा तळातल्या मुलांना झाला असं निघालं. 2019 ला त्यांना नोबेल जाहीर झालं तेव्हा आम्ही भातकापणीच्या गडबडीत होतो, टीव्हीवर बातमी ऐकून मी नवऱ्याला हाक मारली, अहो हे आमचं काम होतं!

जांभा, चिपळूण

2021 चा सेतू अभ्यास कोणाला आठवतो का? 1 जुलैपासून 45 दिवस, मागच्या इयत्तेतलं जे अत्यावश्यक तेवढंच घ्यायचं, मधे तीन चाचण्या. कल्पना उत्तम होती, मी आजही म्हणतो, दीड वर्ष शाळा बंद असताना पुढचं पुस्तक रेटण्यापेक्षा मागचं पक्कं करणं शहाणपणाचंच. पण सगळं आलं पीडीएफमध्ये, आणि आमच्या वरच्या वाड्यांत घरात एक फोन तोही बापासोबत कामावर जाणारा, रेंजसाठी सड्यावर (डोंगरमाथ्यावर) चढायचं आणि जुलैतला पाऊस तुम्हाला माहितीच आहे. मग आम्ही झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरोघर द्यायला लागलो.

आणि 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. पुढचं सगळ्यांनी बघितलंय. माझ्या वर्गातल्या कित्येक घरांत पुस्तक सोडाच, चूल पेटवायला कोरडी काटकी राहिली नव्हती, मुलं आईबापाबरोबर चिखल उपसत होती. सेतूचं वेळापत्रक मात्र पुढे सरकत राहिलं आणि 14 ऑगस्टला ते 45 दिवस संपले. चाचणीचे गुण भरा असे मेसेज त्याच आठवड्यात येत होते. राज्यभर एकच तारीख ठेवली की असं होतं. पूर आलेल्या तालुक्याला ते दिवस पुढे ढकलून द्यायला हवे होते, एवढी सोय ठेवायला पैसेसुद्धा लागत नाहीत.

ऑक्टोबरात पाचवीपासूनचे वर्ग उघडले तेव्हा मी आणि शेजारच्या वर्गाच्या मॅडमनी आपसात ठरवलं, परिपाठानंतरचा पहिला तास रोज सेतूचाच. इयत्ता मोडून गट केले. सातवीचा एक मुलगा पाचवीच्या गटात बसायला लाजत होता, त्याला पाढे चांगले यायचे म्हणून गणितात लहान मुलांची उजळणी त्याच्याकडे दिली, मग वाचनाला गुपचूप येऊन बसायला लागला. मार्चपर्यंत धडा वाचत होता. हळू, पण वाचत होता.

खाडीपलीकडची, पेण

आमच्याकडे वेगळंच. कातकरी वाडीवरची मुलं दिवाळी झाली की आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर, काही कोळशाच्या भट्टीवर, ती येतात मे महिन्यात. म्हणजे शाळेचं निम्मं वर्ष गेलंच. कायद्याप्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, दहा वर्षांचा असेल तर पाचवीत, आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, कमीत कमी तीन महिने, लागलं तर दोन वर्षांपर्यंत. कागदावर याच्याहून चांगलं काय पाहिजे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्डसुद्धा देतात, जिथे जाईल तिथल्या शाळेत ते दाखवायचं आणि बसायचं.

मी या प्रशिक्षणाच्या वर्गावर मानधनावर होते. पहिले काही आठवडे मुलं बोललीच नाहीत माझ्याशी. त्यांच्या घरची बोली कातकरी आणि मी आपली पुस्तकातली मराठी बोलतेय. मग वाडीवरचीच एक मुलगी, नववीपर्यंत शिकलेली, तिला मी सोबत घेतलं. अधिकृत नाही, माझ्या मानधनातून थोडं द्यायची. ती चित्र दाखवून आधी त्यांच्या शब्दात गोष्ट सांगायची, मग मी तीच फळ्यावर मराठीत लिहायची. तिथून गाडी चालू झाली. ज्यांना पानभर अक्षरं गिरवून येत नव्हती ती खेकडे, माडाची झावळी, भट्टीवरचा मुकादम असलं स्वतःचं लिहायला लागली.

पण मानधन वेळेवर यायचं नाही आणि वर्ग मंजूर व्हायचा दिवाळीच्या आसपास, म्हणजे मुलं निघायची वेळ झाली की आमचा वर्ग सुरू. जूनमध्ये पाऊस पडला की मुलं गावात असतात, ते चार-पाच महिने सोन्यासारखे आहेत, सगळा पैसा आणि माणूसबळ तेव्हा लावा असं आम्ही बैठकीत तोंडाने आणि लेखी दोन्ही सांगितलं. पुढे मी सोडलं काम, घर चालवायचं होतं. ती मुलगी आता अंगणवाडीत मदतनीस आहे.

देवगडातून

वरच्या ताईंचं वेळेबद्दलचं अगदी खरं. निपुण महाराष्ट्रचा कृती कार्यक्रम 2025 ला मार्च ते जून लावला, दुसरी ते पाचवीसाठी. आमच्याकडे मार्च ते मे म्हणजे आंबा. बागायतीत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, त्यांची मुलं नोव्हेंबरात येतात जूनच्या आत जातात, आणि गावातलीही पोरं पेट्या भरायला. तरी आम्ही सकाळी सातला वर्ग लावला, आंबा काढायला जायच्या आधी तासभर. जी आली त्यांना फायदा झाला हे नक्की.

रापण

मी मास्तर नाही. ट्रॉलरवर असतो, मालवण. मी त्या वर्गात बसलेला माणूस म्हणून लिहितो.

पाचवीत आम्हाला सात-आठ जणांना शनिवारी शाळा सुटल्यावर थांबवायचे. गुरुजी मनापासून शिकवायचे, अजून भेटले तर पाया पडतो. पण बाकीची मुलं बाहेरून ओरडायची, ढ वर्ग ढ वर्ग. आवस (आई) विचारी, "शनवारी उशीर कित्या होता रे?" मी सांगायचो खेळत होतो. लाज वाटायची. दोन महिन्यांनी मी शनिवारी शाळेतच जायचं बंद केलं, रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) मासे वेचायला गेलं की थोडे मासे मिळायचे, घरी कोण रागवणार.

सुरंगीताईंनी लिहिलंय शाळेच्या वेळातच दोन तास आणि चिपळूणच्या सरांनी सगळ्या शाळेचेच गट केले, ते वाचून वाटलं असं असतं तर मी टिकलो असतो. सगळेच कुठल्या ना कुठल्या गटात असले की ढ कोणी उरतच नाही. माझं चेडू (मुलगी) आता चौथीत आहे, तिच्या शाळेत वाचनाला असेच गट करतात आणि ती कुठल्या गटात आहे हे ती मला उड्या मारत सांगते. परवा मोबाईलवर आलेली हवामान खात्याची सूचना तिने मला वाचून दाखवली.

कणकवलीची

कॉलेजचं पण लिहिते, कारण सगळे प्राथमिकचंच लिहितायत. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) अनुदानातून एससी, एसटी, ओबीसी आणि अल्पसंख्याक मुलांसाठी रेमेडियल कोचिंग असायचं. मी मराठी माध्यमातून आलेली, एफवायबीकॉमला अकाउंट्सचं इंग्लिश पुस्तक उघडलं की डोळ्यांपुढे अंधार. आठवड्यातून काही तास जादा, फी शून्य, आणि मॅडमनी आधी सगळं मराठीत समजावलं मग इंग्लिश शब्द दिले. डेबिट क्रेडिट मला तिथे कळलं. आज मी पतपेढीत अकाउंटंट आहे. वाईट एवढंच की ज्यांना सगळ्यात गरज होती ती बांद्याकडून येणारी मुलं चारच्या एसटीला पळायची, वर्ग सुरू व्हायचा साडेतीनला.

देवरूखकर (सध्या इंग्लंड)

इथलं थोडं सांगतो, तुलना म्हणून घ्या. कोविडनंतर इंग्लंडमध्ये नॅशनल ट्युटोरिंग प्रोग्रॅम सुरू झाला, नोव्हेंबर 2020. शाळेने ट्युटर घ्यायचा, एका ट्युटरकडे तीनपर्यंत मुलं, 15 तासांचा एक कोर्स, सुरुवातीला खर्चाचा 75 टक्के भाग सरकारचा. मी गणिताला जात होतो, गरीब वस्तीतल्या शाळेत. तीन मुलं समोर असली की कोण कुठे अडकलाय ते पहिल्या दहा मिनिटांत दिसतं, अपूर्णांकात अडकलेला मुलगा बीजगणितात कधीच पुढे जात नाही, इथेही आणि देवरूखलाही. पण नंतर अनुदान 75 चं 60 झालं, मग 50, आणि 2024 च्या उन्हाळ्यात कार्यक्रम बंद. उरलेले पैसे शाळेने आपल्या खिशातून घालायचे होते आणि गरीब शाळांनाच ते जड गेलं. मी ज्या शाळेत जायचो तिथे वर्ग थांबला. मुलांची गरज काही 2024 ला संपली नव्हती. आपल्याकडे योजनेचं नाव दर दोन वर्षांनी बदलतं, सेतू झाला, निपुण झालं, तिथेही मला हीच भीती वाटते, एक माणूस आणि एक वेळ सलग चार-पाच वर्षं टिकली पाहिजे.

मुचकुंदी, लांजा

मी आई म्हणून विचारते. मुलगा पाचवीत आहे, नवीन नियमाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते ना, मला धास्ती आहे. त्याला भागाकार येत नाही. ट्युशन तालुक्याला, आमच्याकडे पैसेही नाहीत आणि पाचची एसटी चुकली की जंगलातून चालत. शाळेत दोन शिक्षक, पाच वर्ग. मी कोणाकडे आणि काय मागू?

धागाकर्ती

ताई, धास्ती घेऊ नका, आणि मुलाला तर अजिबात देऊ नका. नियम असा की वार्षिक परीक्षेत राहिला तर शाळेने त्याला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची. पण तोपर्यंत थांबूच नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, समितीची बैठक कधी आहे ते विचारा आणि तिथे मांडा. एकट्या तुमच्या मुलाचं म्हणून नको, तिसरी ते पाचवी मिळून भागाकार न येणारी किती मुलं आहेत ते गुरुजींना विचारा, नक्की अजून चार निघतील. पाच मुलांचा गट, शाळेच्या वेळातला रोजचा अर्धा तास, एवढीच मागणी करा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. इतिवृत्तात आलं की केंद्रप्रमुख भेटीला आले की त्यांना दाखवता येतं आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते विचारता येतं. दोन शिक्षकी शाळेत हे जमतं, एक शिक्षक बाकीचे वर्ग घेतो तेव्हा दुसरा हा गट घेतो, मी केलेलं आहे.

भागाकारासाठी घरी चिंचोके घ्या. बारा चिंचोके तिघांत वाट म्हणायचं, मग तेरा. उरलेला एक हातात आला की बाकी म्हणजे काय ते त्याला आपोआप कळेल. पाढे पाचपर्यंत पक्के आहेत का तेही बघा, नसतील तर भागाकार बाजूला ठेवून आधी तेच. लांज्याजवळच्या कोणी शिक्षकांनी हे वाचलं तर इथेच उत्तर द्या, ताईंना जवळचं कोणीतरी बोलायला मिळेल.