एकच दाणा, एकच साचा, तरी मे महिन्यात झाकण लहान का निघते?

हिंगणा_मोल्डर
हिंगणा एमआयडीसीत माझं एकच मशीन आहे, पॉलिप्रॉपिलीनचे डबे-झाकणं काढतो. जानेवारीत ११० मिमीचं झाकण नेमकं बसायचं. नवतपा लागला अन् तेच झाकण ०.३ मिमी लहान निघून राहिलं. प्लास्टिकचा दाणा तोच, साचा तोच, दाणा वितळवणारं बॅरल २३० अंशांवरच. माल परत आला, पोरांचे पगार अडकले. दाणेवाल्याने डीएससीचा (नमुना तापवून त्याचं वितळणं मोजणारी चाचणी) रिपोर्ट पाठवला: जानेवारीचं झाकण अन् मेचं झाकण, दोन्ही १६३ अंशांवर वितळतात, स्फटिकांचं प्रमाणही सारखं. मग खोट कुठे? साच्याला पाणी कूलिंग टॉवरचं आहे, चिलर (फ्रिजसारखं पाणी गार करणारं यंत्र) नाही.

लॅबवाली
दादा, ते आकडे पहिल्या हीटिंगचे की दुसऱ्या? पहिल्या हीटिंगमध्ये नमुना २०० च्या वर नेऊन काही मिनिटं धरतात, ठरलेल्या गतीने गार करतात आणि पुन्हा तापवतात, ती दुसरी. त्यात झाकणाचा सगळा इतिहास पुसला जातो. दुसरी हीटिंग दाण्याबद्दल सांगते, तुमच्या साच्यात काय घडलं ते फक्त पहिलीत दिसतं. दोन्ही झाकणं वितळवून एकसारखी गार केली तर सारखीच निघणार! पहिला आलेख मागाच. माल गोडाऊनमध्ये तापला असेल, तर त्या तापमानाच्या थोडं वर एक छोटा उंचवटाही दिसेल.

टूलरूम_बुटीबोरी
ताईंचं बरोबर आहे. पॉलिप्रॉपिलीन गार होताना १३० ते १०० अंशांच्या पट्ट्यात स्फटिक धरते, म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्या नीट रचल्या जातात. पाणी थंड असलं की हा पट्टा झटक्यात ओलांडते, साखळ्यांना रचायला वेळच मिळत नाही. पाणी कोमट झालं की जास्त रचतात, दाटीने बसतात, म्हणून झाकण जास्त आकसते.

आणि भाऊ, पावसाळ्यात सुटेल असं समजू नका. टॉवर म्हणजे आपला घरचा कूलरच. मेच्या कोरड्या हवेत तो बरं काम करतो, जुलैच्या दमटात पाणी अजून कोमट राहते. साच्यापुरता लहान चिलर लावा. तोवर कूलिंग टाइम वाढवून पाहा: झाकण साच्यातच जास्त गार झालं की बाहेर कमी आकसते.

हिंगणा_मोल्डर
आज मोजलं. साच्यात जाणारं पाणी ३२ अंश. जानेवारीत मोजलं नव्हतं, ही माझी चूक. टिनाच्या शेडमध्ये जानेवारीची काही झाकणं पडून होती, तीही ०.१ मिमी कमी भरली!

लॅबवाली
ती झटक्यात गार झालेली, म्हणून अर्धवट रचलेली होती. शेडच्या उष्णतेत उरलेली रचना हळूहळू होत राहिली. नवा माल मोजायचा तो किमान दोन दिवसांनी, मशीनवरून उतरताच नाही.

हिंगणा_मोल्डर
पहिल्या हीटिंगचा आलेख मागवला आहे. आला की इथेच टाकतो.