मदत हवी आहे: गोल्डमन समीकरणात (अनेक आयनांवरून पेशीपटलाचे विभवांतर काढण्याच्या सूत्रात) सोडियम-पोटॅशियम पंपाचा वाटा कसा धरावा?

पेशीपटलातला सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचा) एक रेणू खर्चून ३ सोडियम आयन पेशीबाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो, म्हणजे प्रत्येक फेरीला एक धनप्रभार बाहेर जातो, इथपर्यंत अडचण नाही. मात्र ऊआबेनने (पंप रोखणाऱ्या द्रव्याने) पंप थांबवल्यास चेतापेशीचे विभवांतर (पटलाच्या आतबाहेरचा विद्युतदाबातला फरक) लगेच काही मिलिव्होल्टच उतरते आणि पुढची घसरण आयनांची तफावत मिटेल तशी सावकाश होते.

पोटॅशियम आत १४०, बाहेर ५ मिलिमोल प्रति लिटर धरून ३७ अंश सेल्सिअसला नर्न्स्ट समीकरणाने (एकाच आयनाचे समतोल विभवांतर देणाऱ्या सूत्राने) सुमारे −८९ मिलिव्होल्ट आले. गोल्डमन समीकरणही वापरून पाहिले, पण त्यात पंपाला जागाच दिसत नाही. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना, ज्यांचे गणित लॉगरिदमपुढे जात नाही, हे शिकवायचे असल्यामुळे कलनशास्त्र टाळायचे आहे. ३:२ हे गुणोत्तर त्या समीकरणात नेमके कोणत्या पदाशी गुणावे?