तुम्ही आकाशात अग्निगोल पाहिलाय का? अनुभव सांगा

परवा रात्री पावणेअकराला गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते, कोथरूडला, आणि एकदम दोरीवरच्या चादरीची सावली फरशीवरून सर्रकन सरकली. वर बघते तर वेताळ टेकडीच्या अंगाला हिरवट पांढरा गोळा, मागे शेपूट, जेमतेम तीन सेकंद, शेवटी दोन तुकडे झाले आणि विझला. हातातले चिमटे खाली पडले माझ्या. घरात सांगितलं तर मुलगा म्हणे विमान असेल गं आई. शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात एवढं आता वाचून कळलंय, पण पाहिलेलं माणूस कोणी भेटलं नाही. तुम्ही पाहिला असेल तर लिहा ना, कुठे, कधी, काय वाटलं.

* * *

१९९८, १७ नोव्हेंबरची पहाट. लिओनिड्स, म्हणजे दर नोव्हेंबरातला उल्कावर्षाव, बघायला आम्ही पाच मित्र पानशेत रोडला सतरंजी टाकून पडलो होतो. एक उल्का अशी गेली की एकमेकांचे चेहरे दिसले, आणि तिची रेघ तशीच राहिली आकाशात, आधी सरळ, मग वरच्या वाऱ्याने वाकत वाकत पार एस झाला तिचा. पाच मिनिटं कोणी बोललं नाही.

* * *

पाडव्याच्या संध्याकाळी, २ एप्रिल २०२२, मी माहेरी चंद्रपूरला होते. पेटलेले तुकडे एका ओळीत, अगदी सावकाश चाललेले, आईने तर हातच जोडले. पण ती उल्का नव्हती, रॉकेटचे अवशेष होते, सिंदेवाहीकडे लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग पडलेली सापडली. तुमचा तीन सेकंदात गेला ना, मग खरी उल्काच. रॉकेटचा कचरा इतक्या झटकन जात नाही.

* * *

दिवे घाट, पहाटे चार, वडील आणि मी अंजिराचा टेम्पो घेऊन मार्केटयार्डला निघालेलो. अख्खा घाट उजळला, दगड न् दगड दिसला. वडील म्हणाले गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर. मला वाटलं घाबरले, पण ते ऐकत होते. तीन-एक मिनिटांनी लांबून गडगड आली, तोफेसारखी. उल्का साठ-सत्तर किलोमीटर वर असते, आवाज यायला तेवढा वेळ लागतोच, हे मला खूप नंतर समजलं, वडलांना कसं माहीत होतं ते विचारायचं राहून गेलं.

* * *

ताई, परवाचाच ना? पावणेअकरा? मी नारायणगावचा, शेतीची लाईट रात्रीची असल्यामुळे टोमॅटोला पाणी सोडत होतो. सरीतलं पाणी क्षणभर पांढरंफेक दिसलं. मला मात्र दक्षिणेला, पुण्याच्या बाजूला दिसला. दोन तुकडे झाले, एक मोठा, एक बारका.

* * *

हो हो, बारका डावीकडे!

* * *

मला उजवीकडे दिसला. म्हणजे आपल्या दोघांच्या मधूनच गेला की तो.